मारोतराव भोंगेवाले आणि कमलची मशीन

मारोतरावले गुपित सांगायची सोय नव्हती. त्याले सांगायचं म्हणजे महाल भागातल्या आमच्या अख्ख्या गल्लीले सांगायचं. दोन्ही कान गेलेले. ढग जोरात गडगडला तर वर पाहे, तेवढंच. एकदा मी मूर्खासारखं त्याले माझ्या मूळव्याधीचं सांगायले गेलो. "काय?" म्हणे. पुन्हा सांगितलं. "कायचा त्रास?" म्हणे. तिसऱ्या वेळी मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. अर्ध्या तासानं भाजीवाली गाडी घेऊन आली अन् मी न मागता माझ्या पिशवीत सुरण टाकून म्हणते, "काका, हे खात जा, आराम पडते."

मारोतराव समोरच्या ओट्यावर पोट धरून हसून राहिला होता. तेव्हा मले समजलं की त्याले पहिल्या वेळीच समजलं होतं. तो ओठ वाचे. पण ओरडणारा माणूस पाहायले त्याले फार मजा वाटे.

तो गेला त्याले चार महिने झाले. माझी बायको कमल गेली त्याले दीड वर्ष. मुलगी म्हणते, बाबा, बसल्या बसल्या आईवर काही लिहा. मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर संत्रा मार्केटात पेट्यांवर खिळे ठोकले. कमलवर लिहायले बसलो तर दोन ओळींत हात थांबते. मारोतराववर लिहिता येते, कारण त्याच्यावर राग काढता येते.

दिसायले तो बांबूसारखा होता. उंच, कोरडा, वरून थोडा वाकलेला. कान मात्र एवढे मोठे की वाटे, देवानं माल भरपूर दिला अन् वायर जोडायची विसरला. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हा टेस्टर ठेवे. चाळीस वर्षं त्यानं लाऊडस्पीकर लावले. लग्न, सभा, कीर्तन, कुस्ती, जे असन ते. लिंबाच्या झाडाले भोंगा बांधायचा अन् त्याच झाडाखाली सतरंजी टाकून झोपायचं, हा त्याचा धंद्याचा कायदा. भोंगा वाजत राहिला तर याले झोप लागे, बंद पडला की खाडकन उठे. कान तिथंच गेले. कोणी हळहळलं तर म्हणे, "लोकं मेल्यावर डोळे दान करतात. म्या जित्तेपणी कान दान केले. लग्नवाल्यांले."

आमच्या गल्लीत तो आला तेव्हा आधीच बहिरा झालेला होता. बायको लवकर वारली, मुलगा रायपुरात, हा एकटा आमच्या समोरच्या खोलीत. पहिल्या आठवड्यात मी त्याच्याशी बोलून बोलून घसा बसवून घेतला. कमल दारातून पाहत होती. ती मले म्हणाली, "अवो, ओरडता काहून? त्याले ऐकू येत नाही, दिसते." अन् ती त्याच्याशी नुसते ओठ हलवून बोलली. आवाजच नाही काढला. हा तिकडून म्हणते, "हो वहिनी, आंबट चालते मले." मी येड्यासारखा दोघांकडे पाहत राहिलो.

तेव्हापासून सहा वर्षं रोज एक वाटी आमच्या घरून त्याच्याकडे जाय. वाटी त्यानं कधी रिकामी नाही पाठवली. त्याच्याकडे काय असणार? दोन मिरच्या, एक निंबू, कढीपत्त्याची काडी, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. एकदा वाटीत टॉर्चचा सेल आला. कमल म्हणाली, "आज भाऊजीच्या घरी काहीच दिसत नाही," अन् दुसऱ्या दिवशी मोठी वाटी भरली.

कमल गेली तेव्हा लोक येत, मांडी घालून बसत, धीर धरा म्हणत, अन् चहा घेऊन जात. मारोतराव तेरा दिवस आला नाही. चौदाव्या दिवशी दारात उभा राहून म्हणते, "आता सांग, तुह्या घरचा डबा मी नेऊ का माह्या घरचा तू नेतं? दोघांच्याही घरात काही नाही." मले एवढा राग आला की मी उठून पोळ्या करायले बसलो. जळल्या. त्यानं खाल्ल्या. म्हणे, "वाईट आहेत, पण गरम आहेत."

आता मशीनचं सांगतो.

मशीन म्हणजे आमच्या संध्याचा, मुलीचा, कॉलेजातला लहान लॅपटॉप. पोळ्यांच्या डब्याएवढा. लग्न होऊन ती पुण्याले गेली अन् तो आमच्याकडे पडला. चालू करून चहा टाकला तर चहा उतू जाईपर्यंत त्याचं गोल गोल फिरणं चाले. पण कमलचा त्याच्यावर जीव. ती त्याले ओट्यावर गॅसच्या बाजूले ठेवून संध्याशी बोले, त्याच्यात पाहून केस विंचरे. एका दुपारी तिनं स्वयंपाकघराचं दार लावलं अन् आतून बजावलं, "कोणी बोलायचं नाही. मी संध्यासाठी सांबारवडी भरून राहिली." आमच्याकडे कोथिंबिरीले सांबार म्हणतात. थंडीत तो स्वस्त होतो अन् घरोघरी वडी होते, वर कढी. संध्याले ती जमत नव्हती, म्हणून कमल करता करता सगळं बोलून मशीनीत भरून ठेवत होती. पाऊण तास आतून तिची कुजबूज येत होती. मी बाहेर पेपर धरून बसलो होतो.

दोनच दिवसांनी तिले ताप आला अन् पाचव्या दिवशी ती गेली. भरलेलं मशीनीतच राहिलं. मी मशीन कपाटात ठेवून दिली.

दहा-अकरा महिन्यांनी संध्याचा फोन आला. म्हणाली, "बाबा, वर्षश्राद्धाले मले आईच्याच पद्धतीनं सांबारवडी करायची आहे. तिनं भरलेलं ऐकून मी करीन. तुम्ही मशीन चालू करून ठेवा."

चालू केली. फाइल सापडली. दाबली. चित्र काळंकुट्ट. आवाज नाही. खाली एक रेघ मात्र पुढं पुढं सरकून राहिली होती. म्हणजे कमल आत बोलून राहिली होती अन् मी बाहेर बसलो होतो, पहिल्यासारखाच.

दुपट्ट्यात गुंडाळून मशीन बर्डीवर, बाजारात, नेली. एका दुकानदारानं दोन बटनं दाबली अन् म्हणे, "काका, कॅमेरा गेला, साउंडही गेला. एवढी जुनी मशीन कोणी वापरत नाही. सगळं पुसून नव्यानं टाकून पाहतो."

"पुसून म्हणजे?"

"म्हणजे आतलं सगळं जाईन."

त्याच्या हातातून मशीन हिसकली. त्याचा स्क्रूड्रायव्हर खाली पडला, चहा सांडला. तो मागून काय बोलला ते मी ऐकलं नाही. त्या दिवशी बहिरेपणाचा फायदा मले समजला.

घरी येतो तर मारोतराव ओट्यावर. "काय आणलं गा दुपट्ट्यात? कोंबडी का?"

मी ओरडलो नाही. पहिल्यांदाच कमलसारखे नुसते ओठ हलवले. म्हटलं, यात कमलचा आवाज आहे. निघत नाही.

तो हसायचा थांबला. उभा राहिला. हात पुढं केले. "आवाज कुठं जात नाही. अडकते. आण इकडं."

आता सांगा, बहिरा माणूस आवाज दुरुस्त करणार. मी त्याले तोंडावर म्हटलं, "तुले समजणार कसं, आला का नाही ते?" त्यानं उत्तर म्हणून माझ्याच घरातून रवा मागवला. दोन चिमटी. मशीनच्या पुढच्या बाजूले, जिथं स्पीकरची बारीक बारीक भोकं होती, तिथं पातळ कागद ठेवून त्यावर रवा पसरला अन् कमलची फाइल लावायले सांगितली. खाली वाकून, नाक टेकवून पाहत राहिला. आवाज असला की रवा उडते, ही त्याची परीक्षा. कान गेल्यावरची शेवटची पाच-सहा वर्षं त्यानं धंदा याच रव्यावर केला होता म्हणे. भाषण असलं तर रवा एका जागी उडते, गाणं असलं तर फिरते, अन् नेता खोटं बोलत असला तर कोपऱ्यात जमा होते, असं तो सांगे. शेवटचं मी मानत नाही.

रवा हलला नाही. त्यानं शिसपेन्सिलीचं एक टोक दातात धरलं, दुसरं मशीनले टेकवलं. दातानं ऐकणं याले तो म्हणे. दाताले पण काही नाही आलं. "बरं," म्हणे, "उघडावं लागते."

उघडायची त्याची तऱ्हा ऐका. एक बटाटा घेतला, मधून उभा कापला, अन् मशीनचा जो स्क्रू जिथून काढला तो बटाट्यावर बरोबर त्याच जागी टोचला. वरचा वर, डावा डावीकडं. पंधरा-वीस स्क्रू लागले की बटाटा म्हणजे मशीनचा नकाशाच. मी म्हटलं, आण, मी मदत करतो. त्यानं माझा हात बाजूले केला. "तू खिळे ठोकणारा माणूस. हे उघडायचं काम आहे. तुह्या हाताले ते शिकवलंच नाही कोणी." दुसऱ्या दिवशी बटाटा काळा पडला, सुकला, नकाशा आक्रसला. मंग त्यानं नवा कापून एकेक स्क्रू त्यावर बदलला. अशा बटाट्यांचे दिवस गेले. मी रोज दहाले त्याच्याकडे जाऊन बसे, दोनले जळकी पोळी खाई, पाचले घरी येई.

तिसऱ्या दिवशी तो पडद्याच्या वरच्या पट्टीवर आला. तिथं कॅमेऱ्याचा डोळा असते. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं. मंग मले जवळ बोलावलं. "हे पाह्य."

डोळ्यावर लाल टिकली होती.

कमलले सवय होती. तोंड धुवायच्या आधी कपाळावरची टिकली काढायची अन् समोर जे चकचकीत दिसन त्याच्यावर लावायची. आरशावर टिकल्या, नळावर टिकल्या, फ्रिजच्या दारावर टिकल्या. एकदा माझ्या घड्याळाच्या काचेवर लावली, मी दिवसभर मार्केटात साडेतीन वाजले समजून फिरलो. इथं तिनं मशीनच्या पडद्याले आरसा समजून टिकली लावली, तीही नेमकी डोळ्यावर. म्हणजे कॅमेरा धडधाकट होता. बाईनं पाऊण तास बसून टिकलीचा फोटो काढला होता.

मारोतराव हसून हसून खोकायले लागला. मीही हसलो. किती दिवसांनी हसलो ते माहीत नाही. मंग त्यानं नख पुढं केलं, टिकली खरवडायले. मी त्याचं मनगट धरलं.

"काय झालं?"

"राहू दे."

"आंधळीच ठेवायची का मंग मशीन?"

"ठेव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, टिकलीकडे पाहिलं. नख मागे घेतलं. "बरं," म्हणे. "मशीन सवाष्ण आहे."

असं बोलणारा माणूस. तुम्ही सांगा, त्याच्या कानाखाली वाजवावी का त्याच्या गळ्यात पडावं? मी दोन्ही नाही केलं. चहा ठेवला.

आठव्या दिवशी भांडण झालं. संध्यानं फोनवर विचारलं, मशीनचं कुठपर्यंत आलं? मी सांगितलं, सगळी उघडली आहे, बटाट्यावर आहे. ती म्हणाली, "बाबा, उघडली काहून? पेनड्राइव्ह लावून फाइल बाहेर काढली असती तर कोणाच्याही फोनवर ऐकता आलं असतं. पाच मिनिटांचं काम."

मी तसाच फोन हातात घेऊन समोर गेलो. ओठ-बिठ विसरलो. पूर्ण आवाज लावला. "तुले माहीत होतं का, पेनड्राइव्हनं निघते ते?"

"होतं," म्हणे.

"मंग बोलला काहून नाही?"

"तू विचारलं का? तू म्हटलं आवाज निघत नाही. म्या म्हटलं काढतो. मशीनचा आवाज काढतो. तू पेनड्राइव्हात भरून वहिनीले घेऊन गेला असता, अन् मशीन मुकीच मेली असती. म्या चाळीस वर्षांत मुकी मशीन कोणाले परत दिली नाही."

"तुह्या मशीनले आग लाव! वर्षश्राद्ध दहा दिवसांवर आलं!"

"दहा दिवस लई होतात."

गल्ली दारात आली होती. अन् मी जे बोललो ते बोलायले नको होतं. म्हटलं, "तुले काय समजते, बहिऱ्या? तू कधी तिचा आवाज तरी ऐकला का? तुले माहीत तरी आहे का, काय हरवलं ते?"

त्यानं ते ओठावर वाचलं. पूर्ण वाचलं. आत गेला अन् दार लावून घेतलं. मशीन आतच, बटाट्यासकट.

घरी येऊन बसलो तेव्हा डोक्यात शिरलं. सहा वर्षं कमल त्याच्याशी नुसते ओठ हलवून बोलली. मी ओरडे, भाजीवाली ओरडे, पोस्टमन ओरडे. माझा आवाज त्याच्या छातीत तरी धडकत असन. कमलचा कधी निघालाच नाही. गल्लीतल्या कुत्र्यांनी तिचा आवाज ऐकला, त्यानं नाही.

चार दिवस मी गेलो नाही. तोही आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी दारावर थाप. मारोतराव, दाढी वाढलेली, मशीन हातात, शिवलेली. ओट्यावर ठेवली अन् एक स्क्रू माझ्या हातावर टेकवला. "हा उरला. एक उरतेच."

मी ओठ हलवले. "झाली का?"

"आतून काहीच बिघडलं नव्हतं. सगळं उघडलं, पुसलं, पाहिलं, लावलं. ठणठणीत आहे." त्यानं मशीन बाजूवर उभी केली अन् टॉर्च मारला. "आता इथं पाह्य. इथं कानात घालायची पिन लागते."

बारीक गोल भोक होतं. आत काही तरी काळं.

"काय आहे?"

"मोहरी."

मी समजलो नाही. मंग त्यानं समजावलं, एखाद्या मास्तरसारखं. त्या भोकात एक लवचीक पट्टी असते. कोणी कानात घालायची पिन खुपसली की पट्टी दबते अन् बाहेरचे स्पीकर बंद होतात. लाऊडस्पीकरच्या जुन्या मोठ्या मशीनीत पण अशीच पट्टी राहे. "म्या पहिल्या दिवशी इथं पाहायले पाहिजे होतं. मोठं काही तरी गेलं असन समजून आत आत शिरलो. वहिनी कढीले फोडणी देऊन राहिली होती. मोहरी उडाली, भोकात गेली, पट्टीवर बसली. मशीनले वाटलं, पिन लागली. तेव्हापासून ती तोंड बंद करून बसली." टॉर्च बंद केला. "डोळाही तिनंच बुजवला, तोंडही तिनंच. बर्डीवाला म्हणते साउंड गेला!"

उदबत्तीच्या काडीच्या टोकाले त्यानं मेणाचा थेंब लावला, तो जरा निवू दिला, अन् काडी भोकात घालून हळूच फिरवली. त्या वेळी त्याच्या हाताकडे पाहायले पाहिजे होतं. एरवी कप धरला तरी थरथरे तो हात. काडी बाहेर आली तर टोकाले मोहरीचा दाणा. तेलानं तुळतुळीत, जशी आताच कढईतून उडाली.

कागद ठेवला. रवा पसरला. "लाव," म्हणे.

रेघ सरकायले लागली. पहिले रवा उडाला. खरं सांगतो, मी आधी रवाच पाहिला, कान मागून आले. "बोलली!" मारोतराव एवढ्या जोरात ओरडला की पहिलं वाक्य मले ऐकूच आलं नाही. मंग ऐकलं. डब्यातून आल्यासारखा बारीक आवाज होता, पण तिचाच. "...देठं काढायची नाही, संध्या. कोवळी असली तर राहू दे. तुझे बाबा देठं वेगळी काढून ताटाच्या कडेले ठेवतात, त्यांच्याकडे पाहायचं नाही."

मी भिंतीले टेकून खाली बसलो.

मारोतरावनं मले एक मिनिट दिला असन. जास्त नाही. मंग गुडघ्यावर टेस्टर ठोकून म्हणते, "काय म्हणते वहिनी?"

झालं. तिथून पुढं पाऊण तास माझी नोकरी लागली. कमल एक वाक्य बोले, मी मशीन थांबवून त्याच्याकडे तोंड करून तेच म्हणे. खसखस भाजायची. तीळ भाजायचे. खोबरं भाजायचं, जळू द्यायचं नाही. तो मान हलवे, जशी परीक्षा त्यालेच द्यायची आहे. मधे मधे तिची टोमणेबाजी. तुझे बाबा पेपर घेऊन बसले आहेत, पान एकच आहे अर्ध्या तासापासून. मी ते पण सांगितलं. तो गदगदून हसे अन् म्हणे, "पुढं?"

शेवटी शेवटी एक वाक्य आलं. मी मशीन थांबवली अन् सांगितलंच नाही.

"काय म्हणाली?"

"काही नाही. गॅस बंद कर म्हणाली."

"गॅस बंद करायले एवढे ओठ लागत नाहीत. रवा लई उडाला. काय म्हणाली?"

"काही नाही म्हटलं न!"

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझा चेहरा खोटं बोलायच्या कामाचा नाही, कमल पण म्हणे. तो उठला, काडी खिशात घातली अन् निघून गेला. मले वाटलं, विसरला.

संध्या दोन दिवस आधी आली. ऐकत ऐकत वड्या केल्या, ऐकत ऐकत रडली, अन् त्या वाक्यावर आली तेव्हा मोठ्यानं हसली अन् माझ्याकडे पाहायले लागली. मी बाहेर निघून गेलो.

वर्षश्राद्धाच्या सकाळी भटजी आले. पाट, दर्भ, पिंड, सगळं मांडलं. मारोतराव आला, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. संध्याले म्हणते, "बेटा, मशीन जरा दे. पिनचं भोक तपासतो." तिनं दिली. मी पाटावर, हातात पाणी. मले उठता येत नव्हतं.

थोड्या वेळानं आमच्या गच्चीवरून खरखर आली. मंग शिटी वाजली. अन् मंग अख्ख्या महालावर कमल बोलायले लागली.

"संध्या, सांबार आधी निवडून घे!"

भटजींचा मंत्र जागच्या जागी थांबला. मारोतरावच्या खाटेखाली एक भोंगा होता, शेवटचा, अन् एक जुना अॅम्प्लिफायर, हे मले माहीतच नव्हतं. त्या मोहरीच्या भोकातच त्यानं वायरची पिन घातली होती. गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. कमल म्हणाली, "गॅस बारीक कर," अन् शेजारच्या काकू नंतर मले सांगत होत्या, त्यांचा हात आपोआप शेगडीकडे गेला. भटजी म्हणाले, "यजमान, हे काय चाललं आहे?" मी म्हटलं, "सासूबाईचं नाही, बायकोचं आहे. तुम्ही चालू ठेवा." काय बोललो मलेच कळलं नाही.

पाऊण तासाचं होतं ते. मी मनात हिशेब करत होतो, ते वाक्य कुठं येते. कढीची फोडणी तडतडली, महालभर तडतडली, अन् मी पाटावरून उठलो. भटजी "अहो, अहो" करत राहिले. गुडघे धरत, कठडा धरत मी गच्चीवर गेलो. वायर उपटून टाकायची, एवढंच डोक्यात होतं.

वर गेलो तर मारोतराव भोंग्यासमोर ओणवा होऊन उभा होता. डोकं पूर्ण भोंग्यात. दोन्ही हातांनी भोंग्याची कड घट्ट धरलेली. त्याच्या पाठीवरचा शर्ट कमलच्या आवाजानं थरथरून राहिला होता.

मशीन माझ्या पायाशी होती. एक बटन दाबायचं होतं. मी नाही दाबलं.

"संध्या," कमल म्हणाली, "बाबांसाठी सहा काढायच्या अन् ताटात चार वाढायच्या. दोन मारोतभाऊजीच्या वाटीत घालायच्या. बाबांनी विचारलं तर म्हणायचं, तेवढ्याच झाल्या. सहा वर्षं झाली, माणसाले पत्ता नाही."

खाली गल्ली फुटली. माणसं, बाया, सगळे हसून राहिले. भटजीसुद्धा हसले, मी वरून ऐकलं.

मारोतराव त्यानंतर दोन महिने होता. त्या दोन महिन्यांत तो आजारी पडला, रायपूरचा मुलगा येऊन त्याले घेऊन गेला, अन् तिकडंच तो गेला. ते सगळं झालं असन. पण माझ्या डोळ्यासमोर तो येते तो त्या सकाळचा.

त्यानं डोकं बाहेर काढलं. डोळे लाल, केस उभे. मले वाटलं, आता वड्यांवरून टोमणा मारन. तो म्हणाला, "जाडा आहे गा वहिनीचा आवाज."

मी ओठ हलवले. "काय?"

"म्या इतकी वर्षं बारीक समजून राहिलो होतो. एकदम जाडा आहे."

माझ्या बायकोच्या आवाजाले असं माझ्या तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. पण जाडाच होता. मी मान हलवली.

त्यानं परत डोकं भोंग्यात घातलं अन् एक हात बाहेर काढून बोटानं खूण केली, मागे घे. खाली भटजी हाक मारून राहिले होते, संध्या हाक मारून राहिली होती, पिंड तसेच होते. मी मशीनजवळ मांडी घालून बसलो अन् रेघ मागे घेतली.